कमी काय, जास्त काय? मुंबईच्या बाळंतिणींपासून पुण्याच्या खेड्यांपर्यंत

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी गरोदर असेल, शाळेत जाणारं मूल असेल किंवा चाळिशीतच शुगर निघालेलं कुणी असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

तालुक्याच्या आढावा बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की एक आकडा हमखास वाचून दाखवला जातो. रक्तवाढीच्या गोळ्या किती वाटल्या, उद्दिष्टाच्या किती टक्के काम झालं. बातमीदारी करतोय तेव्हापासून हा आकडा ऐकतोय आणि तो बहुतेक वेळा चांगलाच असतो. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आधीच्या पाहणीत हेच प्रमाण ४८ टक्के होतं. गोळ्या वाटल्या जातायत आणि आकडा वर चाललाय.

या गोळीत दोन गोष्टी असतात. एक लोह, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरी फॉलिक ॲसिड. या दुसऱ्या गोष्टीचा माग पहिल्यांदा लागला तो आपल्या मुंबईत. आणि ती एकटीच जास्त झाली आणि तिची जोडीदार कमी पडली तर काय होतं, हे दिसलं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत. मधे साठ-सत्तर वर्षं गेली. शोधाची दोन्ही टोकं महाराष्ट्रात आहेत, पण आपल्याला शाळेत यातलं काही शिकवलं नाही.

सुरुवात १९२८ सालापासून करू.

त्या काळात मुंबईत गरोदर बायका एका विचित्र आजाराने दगावत होत्या. अंग पांढरं फटक पडायचं, धाप लागायची, पायाला सूज यायची, आणि बाळंतपणाच्या आगेमागे बाई जायची. घरचे नशिबाला दोष द्यायचे. डॉक्टर रक्त तपासायचे तर तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात, इथे उलटं होतं. म्हणजे हा आजार लोहाचा नव्हता.

डॉ. मार्गारेट बाल्फोर या भारतात आयुष्य घालवलेल्या डॉक्टर बाई तेव्हा बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी करत होत्या. त्यांनी इंग्लंडहून लूसी विल्स यांना बोलावून घेतलं. विल्स तेव्हा चाळीस वर्षांच्या. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकलेल्या, नंतर डॉक्टर झालेल्या. मुंबईत त्यांचा मुक्काम परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. चारी बाजूंनी गिरण्या, चाळी आणि गिरणीत राबणाऱ्या बायका.

विल्स यांनी आधी जंतू शोधले, ते काही सापडेनात. मग त्यांनी बायकांचं ताट बघायला सुरुवात केली. एस. एन. तळपदे या मुंबईकर सहकाऱ्याबरोबर शहरातल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात, कशा राहतात याची पाहणी केली. ती १९३० साली छापून आली. निष्कर्ष साधा होता. जिच्या ताटात भाजी, फळं, दूध, मांस-मच्छी सगळ्यात कमी, तिला हा आजार सगळ्यात जास्त. गरीब मुस्लिम बायकांचे हाल सर्वात वाईट होते. धर्माचा संबंध नव्हता, गरिबीचा होता.

मग त्यांनी तेच निकस जेवण उंदरांना दिलं. उंदरांनाही पांडुरोग झाला. पण उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूने त्या प्रयोगात घोटाळा केला, म्हणून पुढे माकडांवर काम झालं. एका आजारी माकडाला त्यांनी मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे बिअर गाळून झाल्यावर उरलेल्या यीस्टचा अर्क. काळा, चिकट, खारट. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. स्वस्त वस्तू. माकड सुधारलं. मग तेच बायकांना दिलं, आणि ज्यांची आशा सोडली होती त्या बायका उठून बसल्या. १९३१ साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्या अज्ञात पदार्थाला जगभर ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

आता जरा लक्ष देऊन वाचा, कारण पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

मोठ्या पेशींचा असाच एक पांडुरोग युरोप-अमेरिकेतही होता. त्यावर १९२६ साली उपाय निघाला होता तो म्हणजे कलेजी, रोज पाव किलोच्या आसपास. या शोधाला १९३४ साली नोबेल मिळालं. विल्स यांनी पुढच्या काही वर्षांत दाखवून दिलं की कलेजीचा शुद्ध केलेला अर्क, जो तिकडच्या रोगावर चालतो, तो इकडच्या आजारावर चालत नाही. साधी कलेजी चालते, मार्माइट चालतं, शुद्ध अर्क नाही. म्हणजे रक्त सारखंच दिसत असलं तरी कमतरता दोन वेगळ्या गोष्टींची होती. हे समजायला फार शहाणपण लागतं. लक्षण एक म्हणून कारणही एकच, असं आपण आजही धरून चालतो.

१९४१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी काही टन पालक आटवून त्यातून चिमूटभर पदार्थ काढला. पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. हाच तो विल्स फॅक्टर. १९४५ मध्ये लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या तयार झाला. त्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे, मद्रासमध्ये शिकलेले. मुंबईच्या बायकांवरून सुरू झालेलं कोडं शेवटी एका भारतीयाच्या हाताखाली सुटलं. पाठ्यपुस्तकात दोघांचाही उल्लेख नाही, असो.

आता बाटलीत शुद्ध पिवळी पूड होती. डॉक्टर खूश झाले. मोठ्या पेशींचा पांडुरोग दिसला की फॉलिक ॲसिड द्यायचं. युरोप-अमेरिकेतल्या त्या दुसऱ्या रोगाच्या माणसांनाही दिलं. आणि गंमत अशी की त्यांचंही रक्त सुधारलं! चेहऱ्यावर लाली आली, अहवाल छान आले.

पण काही महिन्यांनी तीच माणसं हातापायाला मुंग्या येतात म्हणून परत येऊ लागली. चालताना तोल जायचा. १९४६-४७ च्या सुमाराला अशी प्रकरणं एकामागून एक नोंदली गेली. रक्त सुधारलं होतं, मज्जातंतू मात्र आतून खराब होत चालले होते. कारण त्या रुग्णांत कमी होतं ते दुसरंच जीवनसत्त्व. १९४८ साली ते वेगळं काढलं गेलं आणि त्याला नाव मिळालं बी-१२.

फोलेट आणि बी-१२ ही बैलजोडी आहे. (फोलेट हे अन्नातलं रूप, फॉलिक ॲसिड हे गोळीतलं.) नव्या पेशी तयार करण्याचं जू दोघांच्या मानेवर असतं. बी-१२ नसेल तर शरीरातलं फोलेट एका जागी अडकून पडतं, कामाला येत नाही. बाहेरून फॉलिक ॲसिड भरपूर दिलं की रक्तपेशींचं काम कसंबसं निघून जातं. पण मज्जातंतूंवरचं जे आवरण असतं त्याला बी-१२ च लागतं, तिथे फोलेट त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणजे एकीकडे काम चाललेलं दिसतं आणि दुसरीकडे गुपचूप नुकसान. रक्ताचा अहवाल चांगला, म्हणून डॉक्टर निर्धास्त, म्हणून उपचार नाही. म्हणूनच १९९८ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी फॉलिक ॲसिडची वरची मर्यादा दिवसाला १००० मायक्रोग्रॅम ठरवली. जीवनसत्त्व कितीही खाल्लं तरी चांगलंच, हा समज तिथे मोडला.

हे सगळं परदेशातलं, आपला काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. बी-१२ झाडपाल्यात नसतं. ते फक्त सूक्ष्म जंतू बनवतात आणि आपल्यापर्यंत येतं ते मांस, मासे, अंडी, दूध, दही यांतून. आपल्याकडे अनेक घरांत मांसाहार वर्ज्य आहे. आणि जिथे वर्ज्य नाही तिथे तरी काय? आठवड्यातून एकदा रस्सा. त्यात तुकडे आधी पुरुषांच्या वाटीत, मग पोरांच्या, आणि बाईच्या वाटीत उरतो तो नुसता रस्सा. दूध असेल तर डेअरीला जातं. कागदावर घर मांसाहारी, पण घरातली बाई शाकाहारीच. हे मला कुठल्या संशोधकाने सांगायची गरज नाही. तुम्हालाही नाही.

आता पुण्याकडे येऊ. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने ७० च्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं होतं. म्हणजे खेड्यांशी त्यांचं नातं जुनं. त्याच केईएममधले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक प्रश्न सतावत होता. आपल्याकडे मधुमेह सडपातळ माणसाला, तोही तरुणपणी कसा होतो? पुस्तकं तर म्हणतात हा लठ्ठ आणि वयस्क लोकांचा आजार.

१९९३ मध्ये त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायकांची आधी नोंद, मग दिवस गेले की आहार, कष्ट, रक्त यांची मोजणी, मग बाळाची. अशा सुमारे ८०० गरोदरपणांची माहिती जमली. बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडात साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं पाऊण किलोने हलकी. पण कातडीखालची चरबी मोजली तेव्हा सगळे चकित झाले. स्नायू कमी, पोट-यकृतासारखे अवयव लहान, पण चरबी त्या मानाने कमी झालेलीच नाही! दिसायला बारीक, आतून चरबीदार. गर्भातच हे ठरून जातं, असा त्याचा अर्थ.

याच विषयावर २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक फोटो आला होता. डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाच्या हिशोबाने दोघे अगदी सारखे, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांना सारखाच म्हणत होता.

त्या खेड्यांतल्या आयांच्या रक्तात आणखी एक गोष्ट दिसली. जवळजवळ दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी होतं. आणि फोलेट? अख्ख्या गटात एकच बाई अशी निघाली जिच्यात ते कमी होतं. डाळ, भाजी पोटात जात होती, वर सरकारी गोळी होती. बैलजोडीतला एक बैल धष्टपुष्ट, दुसरा लंगडा.

मग ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर परत तपासली. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. गरोदरपणात ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त होती. मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा पहिला टप्पा. वय वर्षं सहा! एकाच बाईच्या अंगात एका गोष्टीची कमतरता आणि दुसरीचा वरचढपणा, आणि त्याचा हिशोब तिच्या लेकराच्या रक्तात.

कमतरता म्हटली की आपल्या डोळ्यासमोर कुपोषित बालक येतं आणि अतिरेक म्हटला की ढेरपोट्या माणूस. दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या वस्त्या, दोन वेगळ्या योजना. प्रत्यक्षात महाराष्ट्रात २०१९-२१ च्या त्याच पाहणीत साधारण २१ टक्के बायका वजनाने कमी आणि २३ टक्के बायका वजनाने जास्त निघाल्या. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात. आणि पुण्याच्या अभ्यासाने दाखवलं की कधी कधी एकाच शरीरात.

आता दोन गोष्टी स्पष्ट सांगतो, कारण अर्धवट वाचून कुणी भलताच अर्थ काढेल.

पहिली म्हणजे, गोळ्या बंद करू नका. आशाताई देतात ती गोळी गरोदरपणात घ्यायचीच. फॉलिक ॲसिड वेळेवर मिळालं तर बाळाच्या मणक्यात आणि मेंदूत होणारं जन्मजात व्यंग टळतं. आधी असं मूल झालेल्या बायकांवरचा मोठा प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला, त्यात हा धोका तब्बल ७२ टक्क्यांनी घटला. शिवाय २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत देशातल्या किशोरवयीन मुलामुलींत ३७ टक्क्यांना फोलेट कमी आणि ३१ टक्क्यांना बी-१२ कमी निघालं. म्हणजे सगळीकडे चित्र पुण्याच्या खेड्यांसारखंच आहे असंही नाही. फोलेट गुन्हेगार नाही. त्याला जोडीदार न देता एकट्याला जुंपणं, ही चूक आहे.

दुसरी, औषधाच्या दुकानातून मनाने ‘ताकदीच्या’ गोळ्या आणून खाऊ नका. मुंग्या येत असतील, तोल जात असेल, जीभ लाल होऊन सोलवटत असेल, सारखा थकवा असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि बी-१२ तपासायचं का ते विचारा. फक्त हिमोग्लोबिन बघून भागत नाही, हे १९४७ सालीच कळलेलं आहे.

आता सार्वजनिक प्रश्न. सरकारी कार्यक्रमात लोह आणि फॉलिक ॲसिडची जोडी १९७० पासून आहे. बी-१२ त्या गोळीत नाही. पुण्याच्या याच गटाने पुढे त्या अभ्यासातली मुलंमुली वयात आल्यावर त्यांना मूल होण्याच्या आधीपासून बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोगही हाती घेतला. प्रमाण किती, तर दिवसाला २ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन. गेल्या काही वर्षांत रेशनवर जो पोषणयुक्त तांदूळ आला, ज्यातले वेगळे दिसणारे दाणे बघून गावोगाव ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी अफवा उठली होती, त्यात लोह आणि फॉलिक ॲसिडबरोबर बी-१२ ही घातलेलं होतं. म्हणजे धोरण ठरवणाऱ्यांना ही गोष्ट माहीत आहे. मग गोळीच्या बाबतीत विचार का थांबला, हे विचारायला हवं.

आणि अंडं. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. वाद झाले, बैठका झाल्या, निवेदनं दिली गेली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला आणि अंडी द्यायचीच तर शाळेने लोकवर्गणीतून द्यावीत असं सांगितलं. त्या सगळ्या वादात धर्म आला, संस्कार आले, राजकारण आलं. बी-१२ हा शब्द मी एकाही भाषणात ऐकला नाही. माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं, एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम असतं. ज्यांना अंडं चालत नाही त्यांच्या मुलांना अंडं द्या असं कुणीच म्हणत नाही. त्यांना दूध द्या, दही द्या. केळ्यात बी-१२ नसतं, एवढं तरी लक्षात घ्या. आणि ज्या मुलीच्या घरात अंडं चालतं पण परवडत नाही, तिचं अंडं दुसऱ्याच्या भावनेपायी काढून घेऊ नका. दहा-बारा वर्षांनी तीच आई होणार आहे.

लूसी विल्स १९६४ साली वारल्या. परळला येऊन त्यांनी जे केलं त्यात महागडं असं काही नव्हतं. या बाईच्या ताटात काय आहे आणि काय नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत सोडला नाही. आपल्या आढावा बैठकीत किती गोळ्या वाटल्या हे विचारतात. ताटात काय आहे हे कुणी विचारत नाही. पुढच्या बैठकीला मी हा प्रश्न विचारणार आहे. ग्रामसभेत तुम्हीही विचारा: गावातल्या किती गरोदर बायकांना रोज दूध, दही किंवा अंडं मिळतं? उत्तर येणार नाही, कारण तो रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. पण दोन-चार गावांनी विचारलं तर तो रकाना तयार होईल.

आज रात्री जेवताना फक्त एवढं करा. घरातली बाई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिच्या वाटीत काय उरलंय, ते बघा.

पटलं तर पुढे पाठवा. पटलं नाही तर खाली लिहा, बोलू.